आजारपणाचा पगार

मुंबईत एखाद्या रस्त्याला माणसाचे नाव दिले, की त्या माणसाला विसरायला आपण मोकळे होतो. सात रस्त्याकडून लोअर परळकडे जाणारा, एके काळी गिरण्यांच्या चिमण्या आणि कामगारांच्या चाळी यांनी वेढलेला रस्ता कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. जुनी मंडळी अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. नवी मंडळी इंग्रजी आद्याक्षरे घेऊन एन. एम. जोशी म्हणतात, आणि ती आद्याक्षरे कुणाची हे सांगणारा माणूस त्याच रस्त्यावर शोधावा लागतो.

हे जोशी म्हणजे नारायण मल्हार जोशी. त्यांच्याविषयी आज लिहावेसे वाटले त्याचे कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरात असते. घरातला कुणी कारखान्यात, दुकानात, हॉटेलात किंवा रखवालीच्या कामावर असेल, तर त्याच्या पगारचिठ्ठीवर ई. एस. आय. अशी एक ओळ दिसते आणि तिच्यापुढे कापलेली एक लहानशी रक्कम. ही रक्कम का कापतात, तिच्या बदल्यात आपल्याला काय मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कर्मचारी राज्य विमा योजनेची ती वर्गणी. या योजनेचा कायदा जोशींनी लिहिला नाही. पण तो कायदा होण्यापूर्वी जी वाट तयार व्हावी लागली, ती त्यांनी तीस-पस्तीस वर्षे खपून तयार केली. आजारी कामगाराला मिळणारे औषध ही मालकाची मेहेरबानी नव्हे आणि दानशूरांची खैरातही नव्हे. तो त्याचा हक्क आहे. आज साधे वाटणारे हे वाक्य खरे ठरवायला या माणसाचे अवघे आयुष्य लागले.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ चा, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. मुंबईचे उपनगर ते हे गोरेगाव नव्हे. शिक्षण पुण्यात झाले. पदवी घेतल्यावर त्यांनी सुमारे आठ वर्षे शाळामास्तरकी केली आणि १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. समाजाचा सभासद होणे म्हणजे स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही अशी शपथ घेऊन बेताच्या मानधनावर जन्म काढणे. मास्तरांचा नीटनेटकेपणा आणि गोखल्यांच्या शिष्याची आकडेवारीवरची निष्ठा, एवढे भांडवल घेऊन जोशी मुंबईत आले. वक्तृत्वाने सभा हलवून सोडण्याबद्दल त्यांची ख्याती कधीच नव्हती.

त्यांनी पाहिलेली गिरणगावची मुंबई कशी होती? एका खोलीत एक बिऱ्हाड, कधी एकाहून अधिक. कापसाची धूळ नाकातोंडात. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम राखलेली दमट हवा. आणि या सगळ्यात माणूस आजारी पडला तर? गिरणीच्या हिशेबात आजार नावाची गोष्टच नव्हती; होता तो फक्त खाडा. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. साच्यावर बदली कामगार उभा राहिला. खाडे लांबले, तर परत आल्यावर साचा मिळेल की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर. पगार आधीच महिना उलटून पुढच्या महिन्याच्या मध्याला होई, त्यामुळे हाताशी शिल्लक नसे. मग सावकार. तेही जमले नाही, तर बोट धरायची आणि कोकणातल्या गावी जाऊन पडायचे. गावाकडची भाकरी आणि भावाचे घर हाच त्या काळच्या गिरणी कामगाराचा आरोग्य विमा होता. त्याचा हप्ता कामगार मनिऑर्डरने भरत असे. मालक मात्र त्यात एक पैही घालत नसे.

१९११ मध्ये जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, मोफत दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने गिरणगावात उभी केली. काम चांगले होते आणि ते पुढे कित्येक वर्षे चालले. पण मला वाटते, याच कामात जोशींना सेवेची मर्यादा कळली असावी. दवाखान्यातून बाटलीभर औषध देता येते. पण आजारपणात बुडालेला पगार देता येत नाही. औषध घेऊन घरी गेलेला माणूस चार दिवस निजून राहिला तरच बरा होणार, आणि चार दिवस निजला तर घरची चूल बंद. अशा माणसाला विश्रांतीचा सल्ला देणे ही थट्टाच होते. सेवेच्या जागी हक्क येणे, म्हणजेच कायदा येणे, आवश्यक होते, आणि कायद्यासाठी संघटना.

संधी १९१९ मध्ये आली. पहिल्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून जोशी तिथे गेले. त्या काळी हिंदुस्थानातल्या कापड गिरणीत पुरुष कामगाराने दिवसाला बारा तास राबणे कायदेशीर होते. परिषदेत हिंदुस्थानसाठी आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्यात ती उतरली. साठ तासही आज आपल्याला अघोरी वाटतात. पण जोशींची रीत अशी की मिळालेले पदरात बांधावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मागायला पुन्हा दारात उभे राहावे.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. लाला लजपत राय पहिले अध्यक्ष. संस्थापकांत जोशी होते आणि १९२५ पासून ते तिचे सरचिटणीस झाले. १९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसू लागले. कामगाराला मताधिकारच नव्हता, तेव्हा त्याचा प्रतिनिधी सरकारनेच नेमायचा, अशी ही व्यवस्था. सरकारनियुक्त हा शिक्का त्यामुळे जोशींच्या कपाळी बसला. तो सोसून ते पुढची सुमारे पंचवीस वर्षे तिथे बसले आणि कामगारांशी संबंधित प्रत्येक विधेयकाचे कलम न् कलम तपासत राहिले.

त्यांच्या या कामात मला एक क्रम दिसतो. कामगाराच्या अंगावर येणारी संकटे त्यांनी एकेक करून कायद्याच्या कक्षेत ओढली. पहिले संकट अपघाताचे. यंत्रात हात गेला तर १९२३ पर्यंत कामगाराला ठरावीक भरपाई सहज मिळावी असा कायदा नव्हता. त्या वर्षी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. कामावर असताना झालेल्या इजेला मालक जबाबदार, मग चूक कुणाची याचा कीस काढत बसू नये, हे तत्त्व त्याने आणले. पण तो अपघाताचा आणि मोजक्या व्यवसायजन्य रोगांचा कायदा होता. क्षय, हिवताप, विषमज्वर, म्हणजे गिरणगावात माणसे ज्यांनी खरोखर खंगत होती ते आजार, त्याच्या बाहेरच राहिले.

दुसरे संकट बाळंतपणाचे. बाईमाणूस शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात उभी राही आणि बाळंतपणानंतर जमेल तितक्या लवकर परत येई, कारण रजा म्हणजे बिनपगारी. १९२४ मध्ये जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्री कामगाराला सक्तीची विश्रांती द्यावी व त्या काळात पैसेही द्यावेत, ही मागणी. विधेयक पडले. पण पेरलेले वाया गेले नाही. मुंबई इलाख्यात तोच विषय पुन्हा आला. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि आई व मूल सुखरूप राहणे ही देशाची गरज असल्याने त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा मुद्दा मांडला. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला.

या कायद्यात एक खोच होती आणि ती समजल्याशिवाय विमा योजनेची गरज कळत नाही. प्रसूतीचे पैसे त्या त्या मालकाने आपल्या खिशातून द्यायचे होते. साहजिकच काही मालकांना सोपा उपाय सुचला: बाई गरोदर असल्याची कुणकुण लागताच तिला कामावरून काढायचे. हक्क दिला तो कागदावर, आणि त्या हक्कामुळेच नोकरी गेली. भार एका मालकावर पडला की तो कामगाराला टाळणार. भार सगळ्या मालकांच्या, कामगारांच्या आणि सरकारच्या सामाईक निधीवर पडला, तर एखाद्याच्या आजारपणाने वा बाळंतपणाने कुठल्याच मालकाचे वेगळे नुकसान होत नाही. विम्याचे मर्म एवढेच आहे.

तिसरे संकट खुद्द आजाराचे. १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आजारपणाच्या सक्तीच्या विम्याविषयी करार मंजूर केले. हिंदुस्थान सरकारने ते स्वीकारले नाहीत. कारणे अशी दिली गेली की कामगार एका जागी टिकत नाही, तो गावाकडे ये-जा करतो; डॉक्टर पुरेसे नाहीत; वर्गणी त्याला परवडणार नाही. यातले एकही कारण अगदीच खोटे नव्हते, आणि गोम तिथेच होती. कामगार आजारपणात गावी जाई तो इथे सोय नव्हती म्हणून. आणि तो गावी जातो म्हणून सोय करता येत नाही असे उत्तर मिळे.

याच सुमारास जोशींच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ आला. १९२५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली आणि मोठा संप झाला. कापडावरचा अबकारी कर सरकारने उठवल्यावर कपात मागे घेतली गेली. त्यातूनच जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली व जोशी तिचे अध्यक्ष झाले. पण १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला आणि गिरणगावाचे मन लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनने जिंकले. संप चालवणाऱ्या तरुणांपुढे जोशींची अर्जविनंतीची, कलम-पोटकलमांची भाषा फिकी वाटू लागली. १९२९ मध्ये सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन ऑन लेबर नेमले. जोशींनी त्याचे सभासदत्व घेतले. आयटकमधल्या जहाल गटाला कमिशनवर बहिष्कार हवा होता. त्या वर्षी नागपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात संघटना फुटली आणि आपणच उभ्या केलेल्या संस्थेतून जोशी बाहेर पडले.

त्यांचे चुकले का? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे मला अवघड वाटते. संपाशिवाय मालक हलत नव्हता हे खरे. पण कमिशनच्या १९३१ च्या अहवालाने आजार आणि कर्ज यांचे नाते सरकारी कागदावर नोंदवले आणि आजारपणाच्या विम्याच्या दिशेने पावले टाकावीत असे सुचवले, हेही खरे. रस्त्यावरच्या लढ्याने मागणीला जोर येतो. पण ती मागणी कायद्यात बसवायला अहवाल, आकडे आणि चिकाटी लागते. जोशींनी दुसरे काम पत्करले आणि त्या कामाला टाळ्या पडत नाहीत. १९३६ चा पगारवाटपाचा कायदा याच जातीचा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या, मोठ्या कारखान्यात दहा तारखेच्या आत झालाच पाहिजे, एवढे त्याने ठरवले आणि सावकाराच्या दारातली एक फेरी कमी केली. पुढे फुटलेले गट पुन्हा एकत्र आले आणि १९४० मध्ये जोशी परत आयटकचे सरचिटणीस झाले. त्याच वर्षी त्यांनी भारत सेवक समाज सोडला.

आता विम्याची घटका जवळ येत होती. १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर या अर्थशास्त्रज्ञावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या स्टॅक व राव या तज्ज्ञांनी तो तपासला आणि आजार, प्रसूती व अपघात या तिन्हींचा एकच विमा करावा असे सुचवले. जोशींनी वीस वर्षे ज्या तीन संकटांचा वेगवेगळा पाठपुरावा केला, ती तिन्ही इथे एका छपराखाली आली. १९४६ मध्ये जगजीवन राम यांनी विधेयक मांडले आणि एप्रिल १९४८ मध्ये, स्वतंत्र भारताचे पहिले वर्षही पुरे व्हायच्या आत, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्याच वर्षी जोशी आयटकच्या सरचिटणीसपदावरून दूर झाले.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. त्याच वेळी दिल्लीतही. जुलै १९५४ मध्ये ती नागपुरात आली आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये मुंबईत. ज्या गिरणगावात जोशींनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी कामाला आरंभ केला, तिथल्या कामगाराच्या हाती आता विम्याचे कार्ड आले. वस्तीतल्या नेमलेल्या डॉक्टरकडे ते कार्ड दाखवायचे, औषध घ्यायचे, दाखला घ्यायचा आणि बुडालेल्या पगाराचा भाग विमा कचेरीतून उचलायचा. सुरुवातीला सोय फक्त कामगारापुरती होती. १९५८ पासून ती कुटुंबापर्यंत नेण्यास सुरुवात झाली. मुंबईत योजना आल्यावर जेमतेम आठ महिन्यांनी, ३० मे १९५५ रोजी जोशी वारले.

इथे चरित्र संपते. पण विषय संपत नाही. आमच्या इमारतीच्या फाटकावर एक रखवालदार असतो. तो एका कंत्राटदाराचा नोकर. मध्यंतरी त्याला कावीळ झाली आणि तो पंधरा दिवस घरी राहिला. परत आला तो कर्ज करून. पगारचिठ्ठी पाहिली तर तिच्यावर विम्याची कपात दर महिन्याला होती. विमा क्रमांक काय, असे विचारले, तर तो त्याला कुणी सांगितलाच नव्हता. म्हणजे १९११ मधल्या गिरणी कामगाराची जी गत, तीच याची. फरक इतकाच की याच्याकडून वर्गणीही घेतली जात होती.

म्हणून काही गोष्टी इथे मुद्दाम लिहितो. जुलै २०१९ पासून वर्गणीत कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के असा ठरला. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना योजना लागू झाली. वर्गणीचे सहामाही कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरले जातात. मध्येच पगार मर्यादेपलीकडे गेला, तरी तो कालखंड संपेपर्यंत विम्याचे छत्र राहते. उपचाराचा हक्क नोकरीत विमा लागू झाल्या दिवसापासून, कामगाराला आणि त्याच्या कुटुंबालाही. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत, नोकरी पुरेशी जुनी असेल तर, ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कामावर इजा झाली तर पगाराच्या ९० टक्के, आणि त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी चालतो. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार, ही सुधारणा २०१७ ची. १९२४ मध्ये मांडलेल्या विधेयकाचे हे नातवंड म्हणायचे.

याहून महत्त्वाची, आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट पुढे आहे. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही, तर ज्याच्या आवारात काम चालते त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. पगारातून कापलेली वर्गणी ही मालकाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव मानली गेली आहे. ती खाणे हा गुन्हा ठरतो. आणि मालकाने पैसे बुडवले म्हणून कामगाराचे लाभ बुडत नाहीत. महामंडळाने ते त्याला देऊन मालकाकडून वसूल करायचे असतात. १९४८ च्या कायद्याने आजारपणाचा लाभ घेणाऱ्या कामगाराला त्या काळात नोकरीवरून काढण्यासही बंदी घातली आणि तंट्यांसाठी वेगळी विमा न्यायालये दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो जुना कायदा आपल्यात सामावून घेतला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली. कायद्याचे नाव बदलले तरी कामगार, मालक आणि सरकार यांच्या सामाईक निधीचे तत्त्व तेच राहिले आहे.

योजनेत सारे आलबेल आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. विमा दवाखान्यातल्या रांगा, नसलेली औषधे, रिकाम्या जागा यांची गाऱ्हाणी मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसे दगावली, हे मुंबई विसरलेली नाही. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर हजारो घरांतले विम्याचे कार्डही गेले. त्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये आणि कचेऱ्यांमध्ये जी मुले-मुली काम करतात, त्यांची नोकरी कंत्राटाची, दर अकरा महिन्यांनी नवी. त्यांना संघटना नाही आणि जोशीही नाहीत.

पण दवाखान्यात औषध नाही म्हणून तक्रार करणारा कामगार आणि औषधासाठी हात पसरणारा कामगार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला आपल्या पैशाचा हिशेब मागतो. सोशल सर्व्हिस लीगच्या मोफत दवाखान्यात येणाऱ्याला तशी तक्रार करता येत नव्हती. तिथे कृतज्ञ होण्याखेरीज त्याच्या हाती काही नव्हते. जोशींनी हे ओळखले आणि स्वतःच उभारलेल्या परोपकाराच्या पलीकडे जाऊन ते कायद्याच्या मागे लागले. आपण केलेले चांगले काम पुरेसे नाही हे मान्य करायला जे मन लागते, ते या माणसाकडे होते. मला ते त्यांचे सर्वांत मोठे मोठेपण वाटते.

आमच्या रखवालदाराला अखेर त्याचा विमा क्रमांक मिळाला. इमारतीच्या समितीने कंत्राटदाराला लेखी विचारणा केल्यावर तो आठवड्याभरात आला. या महिन्यात त्याने आपल्या बायकोचे आणि दोन मुलींचे नाव त्यावर चढवून घेतले. आज रविवार आहे. घरात सगळे आहेत. आपल्या घरातल्या, शेजारच्या, आपल्याकडे कामाला येणाऱ्या कुणाच्या पगारचिठ्ठीवर ती ओळ आहे का, असेल तर तिच्यामागचा क्रमांक त्याला ठाऊक आहे का, एवढे आज विचारून पाहावे.